मोहाखालची बातमी

"झाली का बातमी पाठ?" डोमाभाऊंनी त्या सकाळचा अंक माझ्या टेबलावर ठेवत विचारलं.

पहिल्या पानावर, खालच्या बाजूला, चौकटीत माझी बातमी होती. वर नाव होतं, कुंदा रहांगडाले. सकाळपासून मी ते इतक्यांदा पाहिलं होतं की ती अक्षरं आता दुसऱ्याच कुणाची वाटायला लागली होती.

"पाठ कशाला करायची?" मी म्हणाले.

"मंग पाहून वाच. चाल, सावरटोल्याले जाऊ. दहाची गाडी हाये."

मी अंक उलटा करून ठेवला.

आमच्या पेपरात एक रीत होती. डोमाजी गिऱ्हेपुंजे, म्हणजे आमचे डोमाभाऊ, बातम्यांचे प्रमुख होते आणि रीत त्यांचीच. नव्या माणसाची नावानिशी पहिली बातमी छापून आली की त्याच दिवशी ज्यांची बातमी त्यांच्या दारी जायचं, आणि त्यांच्यासमोर बसून ती मोठ्यानं वाचायची. मध्ये थांबायचं नाही, सारवासारव करायची नाही. आम्ही त्याला 'वाचून दाखवणं' म्हणायचो. माझ्याबरोबरच लागलेला युवराज बिसेन एका शाळेच्या गळक्या छपराची बातमी वाचून दाखवायला गेला होता. बातमीत त्यानं टिनपत्र्यांना कौलं म्हटलं होतं, म्हणून हेडमास्तरांनी त्याला शिडीवर चढवलं आणि कौलं कोणती, टिनपत्रे कोणते, हे वरून ओरडून सांगायला लावलं. तो परत आला तेव्हा आम्ही आठवडाभर त्याची खेचली.

बाकी आमच्याकडे शिकवणी अशी कुणी घेत नव्हतं. युवराजनं मला मथळा कॉलमात बसवायला शिकवलं, मी त्याची वाक्यं सरळ करून द्यायचे. डोमाभाऊ कॉपीवर, म्हणजे आमच्या लिहिलेल्या मजकुरावर, लाल पेनानं एक टिंब द्यायचे, फक्त टिंब. काय चुकलं ते आपण शोधायचं.

माझे उमेदवारीचे सहा महिने पुढच्या आठवड्यात संपणार होते. कायम होते की घरी बसते हे त्यावर ठरणार होतं. वाचून दाखवताना समोरून कुणी 'हे खोटं हाये' म्हणालं तर काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि ते खोटं होतं. मी सावरटोल्याला गेलेच नव्हते.

सावरटोला हे धरणात गेलेलं गाव. लोक टेकडीवर नव्या वसाहतीत राहायला आले, तिलाही सावरटोलाच म्हणतात. पण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाचे दगडी चौथरे आणि उंबरठे वर येतात. मग अक्षय तृतीयेला, पितरांच्या दिवशी, लोक तिथे उतरतात आणि आपापल्या उंबरठ्यावर घटकाभर बसून येतात. आमच्या पेपरात दर वर्षी त्याची बातमी यायची, आणि तिच्यात दर वर्षी भागरताबाई वलथरे असायची. गावातली सगळ्यांत म्हातारी. वर्षातले दहा महिने ज्या दारावर वीस हात पाणी असतं, त्या दारात ती पितळी तांब्यानं सडा टाकायची आणि रांगोळी काढायची.

हे सगळं मला ठाऊक होतं, कारण युवराजनं मला 'दरसालची फाइल' दाखवली होती. जे जे दर वर्षी होतं, त्याची कात्रणं त्या फायलीत असायची. "जाण्याआधी मागच्या सालचं वाचून जा," तो म्हणाला होता, "म्हणजे काय पाहायचं ते कळते." मी कात्रण पर्समध्ये घातलं आणि निघाले.

थेट जाणारी दहाची गाडी चुकली होती. दुसरीनं फाट्यावर उतरले तेव्हा बारा वाजत आले होते. सावरटोल्याची गाडी दीड तासानं. फाट्यावर एक मोहाचं झाड आहे, भलंमोठं. फुलांचा हंगाम सरत आला होता, तरी खाली उरलीसुरली फुलं सुकत पडली होती आणि त्यांचा तो गोड, जड वास उन्हात तरंगत होता. मी बुंध्याला टेकून बसले. कात्रण पुन्हा एकदा वाचलं. रस्त्यावर माणूस नव्हतं. दूर कुठेतरी होला पक्षी घुमत होता, थांबत होता, पुन्हा घुमत होता.

मग मी धरणात उतरत होते. पायाखाली वाळलेला चिखल, त्यात शिंपले, ते कुरकुर वाजत होते. भिंती कुठेच नव्हत्या. नुसते उंबरठे, ओळीनं, आणि प्रत्येक उंबरठ्यापलीकडे थोडं थोडं आभाळ. एका दारात एक म्हातारी वाकून पाणी शिंपडत होती. जांभळं लुगडं होतं. पाणी जमिनीवर पडत होतं पण आवाज येत नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला मात्र फार बरं वाटलं, आपल्याच घरी उशिरानं पोचल्यावर वाटतं तसं. मी तिथे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

जाग आली तेव्हा सावल्या दुसऱ्या अंगाला गेल्या होत्या. साडेतीन वाजले होते. सावरटोल्याची गाडी येऊन गेली होती, आणि समोरून आमच्या गावाची येत होती. आमची पानं सहाच्या बसनं छपाईला जायची. मी हात केला.

ऑफिसात बसून मी ती बातमी एकटाकी लिहिली. खोटं सांगत नाही, लिहिताना एकदाही वाटलं नाही की मी तिथे नव्हते. कात्रणातला तांब्या, कात्रणातली रांगोळी, आणि भोवती माझ्या झोपेतलं ते आवाज नसलेलं पाणी. डोमाभाऊ त्या दिवशी पितरांच्या जेवणासाठी आपल्या गावी गेलेले. संपादकांनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पहिल्या पानावर घ्या. पोरीचं नाव टाका."

दहाच्या गाडीत डोमाभाऊ खिडकीशी बसले, मी शेजारी. मांडीवर अंकाची घडी.

"भाऊ," मी दोनदा म्हणाले.

"बोल नं."

"काही नाही. ऊन फार आहे."

"मे महिना हाये. ऊनच राहीन." ते बाहेर पाहत होते आणि त्यांच्या मिशीत हसू होतं. त्या हसण्याचा अर्थ मला लागेना. फाटा आला. तो मोह खिडकीतून हळूहळू सरकत गेला आणि मी मान फिरवली. लाज वाटत होती आणि भीती वाटत होती, आणि दोन्हींत भीती मोठी होती.

वसाहतीत शिरताना डोमाभाऊ झपझप चालायला लागले. "बुढी आता काय म्हणते पाहू," ते स्वतःशीच म्हणाले.

वलथरेंच्या दारात एक पन्नाशीची बाई जाळं विणत बसली होती. आम्हाला पाहून उठली.

"भागरताबाई कुठं हाये?" डोमाभाऊंनी विचारलं. "सांगा, पेपरवाला डोमा आला."

बाईनं पदर सावरला. "मी तिची सून, सगुणा. बुढी पौषातच गेली नं भाऊ. तुमाले मालूम नाई?"

डोमाभाऊ होते तिथेच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी ते नुसतं तिथेच राहिलं, विसरल्यासारखं.

पौषात. म्हणजे चार महिने झाले. आणि मी काल तिला सडा टाकायला लावला होता, पहिल्या पानावर.

"बसा नं, उभे काहून?" सगुणाबाईनं खाट ओढली. मग माझ्याकडे पाहून तिचा सूर बदलला. "ह्याच काय कुंदाबाई? तुमीच लिवलं?" ती आत गेली आणि आम्हाला हातानं बोलावलं. देवांच्या फळीखाली भिंतीवर माझी बातमी डकवलेली होती. पिठाची खळ अजून ओली होती. "किराणावाल्यानं सकाळी वाचली. मी दोनदा वाचाले लावली. फोटो नाई तिचा आमच्यापाशी एक बी. आता हे हाये."

"सगुणाबाई..." डोमाभाऊ बोलू लागले.

"तुमी वाचा नं एकदा," ती मला म्हणाली. "लिवणाऱ्याच्या तोंडून आयकू द्या."

मी डोमाभाऊंकडे पाहिलं. ते खाली पाहत होते. मी घडी उलगडली आणि वाचू लागले. शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. उंबरठ्यांची ओळ आली, आभाळ आलं, भागरताबाई आली. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. वाचून झालं तेव्हा दारातल्या एकीनं हात जोडले.

"आमी तं उतरलोच नाई औंदा," सगुणाबाई म्हणाली. "तिचं साल नाई झालं नं, सणवार काई करत नाई. बाकीचे लोक बी ऊन तापाच्या आधीच परत आले. मले दिवसभर घोर होता, बुढीच्या दारात कोणी पाणी नाई टाकलं. अन् सकाळी हे!" तिनं माझा हात धरला. तिचा हात जाळ्याच्या दोऱ्यानं खरखरीत झालेला होता. "पितरांच्या दिवशी येतेत म्हणते. पण मले नाई दिसली, तुमाले दिसली. सांगा नं, कोणतं लुगडं होतं?"

मी काय बोलणार होते ते मला माहीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "जांभळं."

ती मटकन खाली बसली. "जांभळ्यातच नेलं तिले," ती शेजारणींना म्हणाली. "आयकलं का बाप्पा? जांभळ्यातच नेलं."

आज सत्तावीस वर्षं झाली, पण तो क्षण मला अजून आठवतो. मी सुटले होते. एक शब्द जास्त बोलले नसते तर उमेदवारी पक्की, बातमी भिंतीवर, सगुणाबाई सुखी. आणि मी तिला पाहिलं नव्हतं असंही नव्हतं. हीच तर पंचाईत होती. डोमाभाऊ माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी एकदा बघितलं असतं तर मी त्यांच्यासाठी खरं बोलले असते किंवा त्यांच्या धाकानं. त्यांनी बघितलं नाही. सगुणाबाई बघत होती. तिच्या डोळ्यांत इतका विश्वास होता की मला तो सोसवेना.

"मी आलेच नव्हते," मी म्हणाले. "फाट्यावर मोहाखाली बसले, तिथेच झोप लागली. आजी मला झोपेत दिसल्या. बाकीचं मागच्या वर्षीच्या पेपरातलं उतरवलं. त्या गेल्या हे मला ठाऊक नव्हतं. चुकले मी."

दारातल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. सगुणाबाईनं माझा हात सोडला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सपनात दिसली?" तिनं हळू विचारलं.

"हो."

"मंग पेपरात काहून लिवलं? मले येऊन सांगाचं होतं नं."

मी भिंतीवरच्या माझ्या नावाकडे पाहिलं.

ती उठली. भिंतीवरचं कात्रण कडेनं सोडवलं, खळ ओली होती म्हणून ते न फाटता निघालं. घडी घालून तिनं माझ्या हातात दिलं. "हे तुमचं. सपन राहू द्या माह्यापाशी."

मग तिनं आम्हाला पाणी दिलं, आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीसाठी फाट्यावर थांबावं लागलं. त्याच मोहाखाली. डोमाभाऊ बुंध्याला टेकून बसले आणि मी लांब उभी राहिले, पुन्हा त्या झाडाला पाठ लावायची हिंमत नव्हती.

"मला सकाळीच कळलं होतं, तू गेली नाहीस," ते म्हणाले. संपादकांसमोर सोडलं तर ते कधी असं पुस्तकी बोलायचे नाहीत. पण दोन वाक्यांत ते पुन्हा आपल्या बोलीवर आले. "तांब्यावरून. ते वाक्य माह्यं हाये."

"फायलीतलं आहे."

"फायलीत कोणी टाकलं? बारा सालाआधी, गाव बुडाल्यावरची पहिली अक्षय तृतीया. मी बी नव्हतो गेलो. सायकल पंक्चर झाली, अन् कंटाळा आला. घरी बसून लिवलं. पुनर्वसनाच्या यादीत सगळ्यात म्हातारी बाई कोण ते पायलं, भागरता वलथरे. तिच्या हाती तांब्या देला, सडा टाकाले लावला. तांब्या माह्या मायचा होता."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"चार दिवसांनी बुढी ऑफिसात आली. पायी पायी फाट्यावर, मंग गाडीनं. हातात पेपर. म्हणे, माह्यं नाव आलं म्हणते, वाचून दाखव. तिले वाचता कुठं येत होतं? मी वाचलं. अशी हसली, अशी हसली! म्हणे, रांगोळी मले येत नाई, अन् पितळी तांब्या बापजन्मी नव्हता घरात. जर्मनचा गडू हाये एक, तो बी पोचलेला."

"मग?"

"मंग काय. पुढच्या साली मी सकाळीच जाऊन पोचलो. बुढी उंबरठ्यावर. सडा टाकेल, रांगोळी वाकडीतिकडी, हातात नवा पितळी तांब्या. म्हणे, तू खोटा पडू नये म्हणून आणला रे." डोमाभाऊंनी एक सुकलेलं फूल उचललं आणि बोटांत चुरडलं. "तवापासून दरसाल. मी खोटं लिवलं अन् तिनं ते खरं करून देलं. वाचून दाखवायची रीत तिची हाये, माही नाई. मले वाटलं, आज तुले पाहून बी हसंन. म्हणून आणलं तुले. ती गेली हे मले माहीतच नाई. दोन सालांपासून मी बी फायलीतूनच लिवत होतो नं."

त्यांनी चुरडलेलं फूल खाली टाकलं. होला घुमत होता, कालच्यासारखाच.

"तवाच चूक छापाले पाहिजे होती," शेवटी ते म्हणाले. "नाई छापली. म्हणून तू फसली."

दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर दोन चूकदुरुस्त्या आल्या, एकीखाली एक. पहिली माझी. कालची बातमी प्रत्यक्ष न जाता लिहिली होती, भागरताबाई वलथरे पौष महिन्यात वारल्या आहेत, क्षमस्व. दुसरी डोमाभाऊंची, बारा वर्षांपूर्वीच्या अंकाची. त्या बातमीतलं वर्णन काल्पनिक होतं. संपादक दोघांवर असे उखडले की युवराज पाणी प्यायला म्हणून गेला तो आलाच नाही. डोमाभाऊ एवढंच म्हणाले, "तिला काढायचं तर मलाही काढा." मला काढलं नाही. उमेदवारी आणखी सहा महिने वाढली. 'दरसालची फाइल' डोमाभाऊंनी कपाटात घालून किल्ली आपल्या जानव्याला बांधली, असं युवराज सांगायचा. डोमाभाऊ जानवं घालत नव्हते.

पुढच्या अक्षय तृतीयेला मी पहिल्या गाडीनं गेले. फाट्यावर बसले नाही, पुढची गाडी येईपर्यंत चालत राहिले.

धरणाचं पोट माझ्या झोपेतल्यापेक्षा पुष्कळ घाण होतं. चिखलाचा वास, प्लास्टिक, मेलेल्या फांद्या. पण शिंपले तसेच कुरकुरत होते आणि उंबरठ्यांवर माणसं बसली होती, कुणी गप्प, कुणी डबा उघडून. वलथरेंचा उंबरठा पाण्यापासून चार पावलांवर होता. सगुणाबाई आली. मला पाहून थांबली.

"आलात?"

"सकाळीच आले."

तिच्या हातात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गडू होता, एका बाजूनं पोचलेला. मी गडूकडे पाहिलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तो तांब्या पेपरातला होता," ती म्हणाली. "हा आमचा हाये."

ती पाण्याशी गेली, गडू बुडवला आणि उंबरठ्यापाशी येऊन सडा टाकायला वाकली, तोच थबकली. गडूत बोटाएवढी मासोळी आली होती. ढिवराच्या घरची बाई ती, जन्मभर मासेच धरलेले. पण तशीच मागे गेली, मासोळी पाण्यात सोडली, ती जाईपर्यंत बघत राहिली, आणि पुन्हा गडू भरून आली. रांगोळी काढली नाही. पाणी दगडावर पडलं तेव्हा आवाज झाला. जोरात, छळ्ळकन. मी दचकले.

"लिवा आता," ती म्हणाली.

दुपारी ऑफिसात डोमाभाऊ माझी कॉपी वाचत होते. लाल पेन हातात. 'जर्मनचा गडू' पाशी पेन थांबलं. तिथून सरकलं, आणि पुढच्या ओळीवर आणखी थांबलं. मी टिंबाची वाट पाहत उभी होते.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मासोळी," ते म्हणाले. "हे मले सुचलं नसतं."